आठवा गळा

जानेवारीतला दुसरा शनिवार. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. सातपुड्यात, तोरणमाळच्या पठारावर, मार्थाबाई गावितांच्या घरापुढचं अंगण. हजर माणसं तीन. मार्थाबाई, त्यांची शिष्या मृणालिनी दाबके आणि मी.

‘हा रंग तक्त्यात कुठे आहे?’ मार्थाबाईंनी विचारलं.

त्यांच्या मांडीवर एक स्वेटर होता. निळा, वर राखाडी. त्यांचं बोट गळ्याखालच्या नक्षीवर थांबलं होतं. निळा संपून राखाडी सुरू होतो तिथे मध्ये एक तिसराच रंग होता, धुक्याला ऊन लागतं तसा.

‘तो मी घातला, बाई,’ मृणालिनी म्हणाली. ‘मूळ नमुन्यात निळ्यावरून एकदम राखाडीवर उडी होती. मला ती खटकत होती.’

‘तू घातलास.’

‘हो.’

‘बरं...’

मार्थाबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. मिशनच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. तरुणपणी तिथेच, स्वीडनहून आलेल्या सिस्टर मॅरिट यांच्याकडून त्या हे विणकाम शिकल्या. दोन रंगांचे धागे एकाच वेळी चालवायचे, गोल सुईवर खालून वर विणत जायचं आणि खांद्यांपासून गळ्यापर्यंत नक्षीचं एक कडं चढवायचं. विणणाऱ्या बायका त्या कड्याला योक म्हणतात. स्वेटरचा सगळा जीव तिथे असतो.

सिस्टर मॅरिट यांनी एक रीत घालून दिली होती. शिष्येनं स्वेटर एकटीनं विणायचा, पण गळ्याचे शेवटचे टाके सुईवर उघडे ठेवायचे. ते गुरूनं बंद करायचे. गळा बंद झाला, की त्या बाईनं दुसऱ्याला शिकवावं. त्याआधी नाही. कागद नाही, शिक्का नाही. मार्थाबाईंनी साठ वर्षांत सात गळे बंद केले.

हा आठवा. त्यांची बोटं आता वाकली आहेत. बहुधा शेवटचा.

मृणालिनी पुण्याची. शिकून इंजिनियर, पण आता लोकरीची किट विकते. खोक्यात हातानं रंगवलेल्या लड्या, नमुन्याचा तक्ता, गोल सुई, आणि झाकणाच्या आत मार्थाबाईंचा फोटो. तीन हिवाळे ती इथे येऊन शिकली होती. फेब्रुवारीत पुण्यात तिचा पहिला वर्ग सुरू व्हायचा होता. साठ बायकांनी नावं दिली होती. गळा बंद झाला नाही तर तो वर्ग तिला घेता येणार नव्हता.

त्याची बातमी व्हावी म्हणून तिनं मला सोबत आणलं. याच स्वेटरवर पंधरा दिवसांपूर्वी मी पेपरात अर्धं पान लिहिलं होतं. फोटोखाली तिचं नाव होतं.

आल्या आल्या मार्थाबाईंनी मला विचारलं होतं, पेपरवाले आधी चहा घेतात की आधी फोटो. मी म्हणालो, चहा. त्या म्हणाल्या, म्हणजे रिकामेच आला आहात.

आता त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी स्वेटर उलटा केला. नक्षीत जो रंग पुढे लागत नाही त्याचा धागा मागून आडवा जातो. तो ओढला गेला तर कापड आकसतं, सैल राहिला तर बोटं अडकतात. मार्थाबाईंनी त्या धाग्यांवरून तळवा फिरवला. एकदा. मग पुन्हा, डोळे मिटून.

‘असा योक मी पाहिलेला नाही,’ त्या म्हणाल्या. ‘कुठे ओढ नाही, कुठे घाई नाही. इतकं निवांत कोण बसतं गं हल्ली?’

मृणालिनीनं माझ्याकडे पाहिलं, लिहून घेताय ना, अशा अर्थानं. मी लिहून घेतलं. मग ती सांगू लागली. पहाटे पाचला उठायची, फोन बंद, घरात कुणी बोलायचं नाही, अगदी ध्यानाला बसल्यासारखं. बराच वेळ सांगत होती. मार्थाबाईंनी ऐकून घेतलं.

‘एक फेरी कमी वाटते,’ त्या म्हणाल्या. ‘घाल. मग मी गळा घेते.’

मृणालिनीनं स्वेटर हातात घेतला.

गोल विणताना उजव्या हाताची बाई उजवीकडून डावीकडे जाते. काम थांबवलं की धागा उजव्या सुईच्या टोकाशी लोंबत राहतो. पुढच्या वेळी तिथूनच उचलायचं. हे मला त्या दिवशी कळलं.

धागा डाव्या टोकाशी लोंबत होता.

मृणालिनीनं स्वेटर फिरवला. पुन्हा फिरवला. उलटा करून धरला, तेव्हा धागा उजवीकडे आला, पण नक्षी आत गेली. तिनं तो परत सुलटा केला. मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं ती एकही टाका न घालता त्या स्वेटरला फिरवत होती. तिचे कान लाल झाले होते.

मार्थाबाई खाली, अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होत्या.

‘जेवतेस कुठल्या हातानं?’ त्यांनी विचारलं.

‘उजव्या...’

‘आणि हा योक विणला ती?’

मृणालिनीनं सुई मांडीवर ठेवली.

मग जे बाहेर आलं ते तुकड्यातुकड्यानं आलं. ऑक्टोबरपासून मनगट दुखत होतं. डॉक्टरनं विणकाम बंद करायला सांगितलं होतं. वर्गाची तारीख जाहीर झाली होती. अंग आणि बाह्या तिच्याच होत्या, शपथेवर. फक्त योक तिच्या लोकर रंगवायच्या वर्कशॉपमध्ये ‘विणून घेतला गेला’.

अशी वाक्यं मी तीस वर्षं ऐकतो आहे. पूल पडला की ठेकेदार असंच बोलतो. काम केलं गेलं, माल वापरला गेला. वाक्यात सगळं असतं, माणूस नसतो. मी ते तिला तिथेच ऐकवणार होतो. पण माझ्या आधी मार्थाबाई बोलल्या, आणि फार साधं बोलल्या.

‘नाव काय तिचं?’

‘नसीम.’

‘पुढे?’

मृणालिनीनं पर्समधून फोन काढला. शोधलं. मी तिच्या शेजारीच होतो, मला पडदा दिसत होता. तिथे आडनावाच्या जागी तिचं रंगाचं काम लिहिलेलं होतं: ‘नसीम डाय’.

ती बाई चार वर्षं तिच्याकडे लोकर रंगवत होती. देशभर गेलेल्या प्रत्येक खोक्यातल्या लड्या तिच्या हातच्या.

मृणालिनीनं फोन पालथा ठेवला.

‘तो रंगही तिचाच,’ ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. नसीमनं निळ्याच्या उरलेल्या पाण्यात एक लडी बुडवून ठेवली होती. उतरलेला रंग, खरं तर फेकायचा. तिनं तो फेकला नाही. विणताना विचारलंही नाही, सरळ घातला. ‘मी आधी चिडले होते तिच्यावर. तक्ता सोडून विणलंस म्हणून.’

मार्थाबाई पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

‘तुम्ही छापलंत हे?’

‘हो.’

‘कुणाला विचारून?’

‘यांनाच.’

‘वर्कशॉपमध्ये गेला होतात?’

गेलो होतो. रंगाच्या पातेल्यांचे फोटोही काढले होते. पातेल्यापाशी एक बाई उभी होती, ती चौकटीत येत होती म्हणून मी तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं होतं. मी हे मार्थाबाईंना सांगितलं. परत आल्यावर सोमवारी मी वृत्तपत्राला दुरुस्ती पाठवली. ती अजून छापलेली नाही.

पत्र्यावरून रात्रीचं दव टपकत होतं.

‘नसीमला विचारलंस का,’ मार्थाबाई म्हणाल्या, ‘गळा मागायचाय का म्हणून?’

इथे मृणालिनीचा आवाज चढला. शरमेला कोपऱ्यात धरलं की ती अशीच अंगावर येते. तिचं म्हणणं असं, की शिष्या होण्याला काही तरी शिस्त असते. तीन हिवाळे ती घाट चढून आली होती, चुका करून टाके उसवले होते, बोलणी खाल्ली होती. ते सगळं फुकट गेलं का?

‘तिला तर तक्ताही वाचता येत नाही, बाई. नुसतं बघून विणते. तिला शिष्या कसं म्हणायचं?’

मार्थाबाईंचा हात स्वेटरवर होता, तो तसाच राहिला.

‘हे कुणी शिकवलं तुला?’

‘काय?’

‘हे... तक्त्याचं.’

‘तुम्हीच म्हणता की. पहिल्या दिवशी सांगितलं होतंत. तक्ता वाचता येत नसेल तर सुई हातात घेऊ नको.’

‘म्हणते खरी,’ मार्थाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, भिंतीला धरत आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मृणालिनी मला हळूच म्हणाली, आता मला हाकलून देतील. मी म्हणालो, द्यायलाच हवं. तिनं मान खाली घातली. मलाही माझ्या आवाजाची लाज वाटली, कारण मी काही निराळ्या बाकावर बसलो नव्हतो.

मार्थाबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक जुना स्वेटर होता. कसर लागलेला, कोपरांवर विरलेला, रंग नुसते सांगण्यापुरते उरलेले. तो त्यांनी मृणालिनीच्या मांडीवर टाकला.

‘माझा. एकोणीसशे बासष्टचा. गळा सिस्टरनं बंद केला, डिसेंबरात, सगळ्या मुलींसमोर. उलटा कर. वाच.’

मृणालिनीनं तो उलटा केला. बराच वेळ बोटं फिरवली. बाहीपाशी थांबली, योकपाशी थांबली, परत बाहीकडे आली. मला दोन्हीकडे सारखेच जुने धागे दिसत होते. तिला तसे दिसत नव्हते. तीन हिवाळे फुकट गेले नव्हते.

‘बाई...’ ती म्हणाली.

‘बोल.’

‘बाह्यांचे धागे ओढलेले आहेत. योकचे नाहीत.’

‘मी ओढूनच विणायचे. अजून ओढते.’

‘मग योक...’

‘सुसान्ना,’ मार्थाबाई म्हणाल्या. ‘सुसान्ना कोकणी.’

सुसान्ना दवाखान्यात जखमांच्या पट्ट्या धुवायची. मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या पडवीत झोपायची. सिस्टर मॅरिट फक्त वाचता येणाऱ्या मुलींना शिकवत, कारण तक्त्यावर आकडे असत. सुसान्ना पट्ट्या वाळत घालता घालता खिडकीतून बघायची. त्या हिवाळ्यात मार्थाचा योक तीनदा चुकला, तीनदा उसवला. डिसेंबर तोंडावर आला. सुसान्नानं तो पाच रात्रींत विणून दिला. बदल्यात काय मागितलं, तर नावाचं पहिलं अक्षर काढायला शिकव म्हणाली.

‘शिकवलंत?’ मृणालिनीनं विचारलं.

‘वेळ झाला नाही.’

हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज मला लिहिता येत नाही. आडपडदा नव्हता, एवढंच. डॉक्टरला दुखणं सांगावं तसं.

मग त्यांनी पदराला टोचलेली सुई काढली. तो जुना स्वेटर स्वतःकडे ओढला आणि गळ्याच्या कडेतून शेवटचा धागा उकलायला सुरुवात केली. सिस्टर मॅरिट यांनी घातलेला धागा. बोटं जागेवर राहत नव्हती. मृणालिनी मदतीला पुढे झाली.

‘हात लावू नकोस.’

अकरा मिनिटं लागली. धागा निघाला. कुरळा, फिका, हातभर. त्यांनी तो बोटाला गुंडाळला आणि मांडीखाली सरकवला.

मी टाके सुटायची वाट पाहत होतो. विणकामात कड उकलली की खालचं सगळं घसरत येतं, एवढं मलाही ठाऊक आहे. पण लोकर इतकी जुनी झाली होती, की टाके एकमेकांना धरून बसले होते. गळा उघडा होता आणि एकही टाका हलला नव्हता.

मृणालिनीनं त्यावर हात ठेवला. ती रडत नव्हती. रडली असती तर आम्हा सगळ्यांना सोपं गेलं असतं.

‘मग त्या सात जणी?’ तिनं विचारलं.

मार्थाबाईंनी मांडीखालच्या धाग्यावर हात ठेवला.

मृणालिनीनं आपला नवा स्वेटर उचलला. सुई तशीच, धागा डाव्या टोकाशी. तो तिनं घडी न घालता पिशवीत ठेवला. साठ जणींना आज संध्याकाळी फोन करते, ती म्हणाली. वर्ग होणार नाही. काय कारण सांगू, असं तिनं मला विचारलं, सवयीनं. मला विचारू नका, मी म्हणालो.

उन्हानं आता सगळं अंगण धरलं होतं. ती उठली, दोन पावलं गेली आणि परत आली. वाकून नमस्कार करावा की नाही, हे तिला कळत नसावं. ती नुसतीच उभी राहिली.

‘बाई, तुमचा गळा आता कोण बंद करणार?’

मार्थाबाईंनी जुना स्वेटर पांघरला. उघडा गळा हातानं सारखा केला.

‘सुसान्ना त्यानंतरच्या ईस्टरला वसतिगृहातून गेली,’ त्या म्हणाल्या. ‘कुठे गेली, ते अजून कुणी विचारलेलं नाही.’