आंब्याचा धूर

शेगड्या बोलायच्या त्या काळी येसूआत्या परसात मासे धुरावर सुकवण्यासाठी बाजारात शेगडी निवडायला गेली. वादळात पडलेल्या आंब्याच्या लाकडी भुशाच्या वळलेल्या ओंजळभर गोळ्या तिने पदरात बांधून नेल्या. झाडाचं तेवढंच उरलं होतं.

दुकानातली चकचकीत शेगडी म्हणाली, "दे, क्षणात पेटवते." आत्याने अर्ध्या गोळ्या टाकल्या. भडका उडाला आणि राख झाली.

कोपऱ्यातल्या जाड पत्र्याच्या शेगडीने आधी विचारलं, "झाड कुठलं?"

"माझ्या दारातलं. सासूबाईंनी लावलेलं."

"मग सावकाश जळू दे."

आत्याने तीच घरी नेली. संध्याकाळी झाकणाच्या फटीतून मोहोराच्या वासाचा धूर निघाला आणि झाड होतं तिथे जाऊन उभा राहिला. परतणारी पाखरं त्याच्याभोवती घिरट्या घालू लागली. आत्याने हळूच आणखी एक गोळी टाकली.