होनव्वाचा बांध

हिवरतळ्याला येणारे पाहुणे बांधावर चढले की सांडव्याशेजारचा हळदीने माखलेला दगड बघतात आणि विचारतात, हा कुठला देव? हा देव नव्हे. ही होनव्वा. आज या बांधाला तिचंच नाव आहे, पण कित्येक पिढ्या त्याला नुसतं 'पोरीचा बांध' म्हणत. पोर कुणाची, तिचं नाव काय, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. हळद वाहायची, घागर भरायची आणि घरी जायचं.

सांगत एवढंच, की फार पूर्वी तळं बांधताना बांध टिकेना, तेव्हा देवीचा कौल घेऊन एक पोर त्यात जिवंत पुरली. ज्या घराने ती दिली, त्या घराकडे देवी पुन्हा मागणार नाही असा शब्द मिळाला म्हणे. ती पोर आमच्याच घरची, तळं बांधणाऱ्या पाटलाची लेक, असं पाटील सांगत. म्हणून तळ्याचं पहिलं पाणी पाटलांच्या शेताला आणि जत्रेतला पहिला नारळही त्यांचाच. तो मान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट खाल्ला.

पुढे रायगोंडा पाटलाच्या काळात, असं सांगतात, एका पावसाळ्यात बांध पुन्हा फुटला. पुजाऱ्याने देवीला फुलं लावून कौल मागितला आणि उजवं फूल पडलं. म्हणजे पुन्हा पोर हवी. पाटील म्हणाला, "आमच्या घरानं एकदा दिलंय. आता दुसऱ्यानं द्यावं." आणि त्याचं बोट धोंडाप्पा धनगराच्या घराकडे गेलं. कारण तयारच होतं. त्या घरात तळ्याचं पाणी पीत नसत. ओढ्यात झरा उकरून तिथून घागरी आणत. सासू सुनेला तसं बजावी आणि ती सून पुढे आपल्या सुनेला, पण का, ते एकीलाही ठाऊक नव्हतं. देवीच्या पाण्याला नाक मुरडता म्हणून देवी कोपली, असं गावाने ठरवून टाकलं. येत्या अमावास्येला धोंडाप्पाची लेक निंगी बांधात घालायची.

धोंडाप्पा डोक्याला हात लावून बसला. त्याची बायको तायव्वा बसणारी नव्हती. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पाटलांची पोर या बांधात गेली असेल, तर पाटलांच्या घरात तळ्याचं पाणी घशाखाली उतरतं कसं? आणि आपल्या घराने ते उगाच सोडलं असेल होय? ज्यांचं काळीज गेलं, पाणी त्यांनीच सोडलं असणार. पण हे नुसतं म्हणून कोण ऐकणार होतं! पोर कुणाची होती हे चारचौघांत सिद्ध व्हायला हवं होतं, नाहीतर निंगी गेलीच.

शेजारच्या गावात तेव्हा सिद्राम हेळवी उतरला होता. हेळवी म्हणजे घराघरांच्या वंशावळी तोंडपाठ असलेला माणूस. बैलावर बसून येतो, दारात उभा राहून त्या घरच्या बाप-आज्यांची नावं घडाघडा म्हणतो आणि जोंधळे घेऊन पुढे जातो. तायव्वा निंगीला काखोटीला मारून तडक त्याच्याकडे गेली.

"आमच्या घरातल्या लेकींची नावं सांग," ती म्हणाली.

"लेकींची नावं सांगायची रीत न्हाई, अक्का. वंश पोरांचा सांगत्यात."

"रीत न्हाई ते ठावं हाय. येत्यात का तुला?"

सिद्रामने आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. येत होती. बापाने त्याच्याकडून सगळंच घोकून घेतलं होतं, उघड म्हणायचं तेही आणि न म्हणायचं तेही. तो खालच्या आवाजात म्हणाला, "पाटलाच्या खळ्यावरचं जोंधळं खातोय मी."

तायव्वाने निंगीला त्याच्यासमोर उभं केलं. "हिच्याकडं बघून म्हन की, जोंधळ्यापायी गप बसतो म्हनून."

अमावास्येला सगळं गाव बांधावर जमलं. पुजारी आला, पाटील आला, खड्डाही खणून तयार होता. तेवढ्यात सिद्राम बैलावरून आला आणि त्याने पाटलांची वंशावळ सुरू केली. पाटलाची मान ताठ झाली. नावं मागे मागे जात तळं बांधणाऱ्या पाटलापर्यंत पोचली आणि सिद्राम म्हणाला, "तळं भरलं त्या साली याचं लगीन झालं." गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागलं. लग्नाआधी कुठली पोर? मग त्याने धोंडाप्पाची वंशावळ उचलली आणि त्याच पिढीवर थांबून आवाज चढवला. "म्हाळाप्पाची पहिली लेक होनव्वा. बांधात गेली. तिच्या आईनं ह्या तळ्याचं पानी सोडलं."

पुजाऱ्याची नजर आपोआप पाटलाच्या नातीकडे गेली. देवीचा शब्द खरा, तर धोंडाप्पाचं घर सुटलं आणि खोटा मान मिरवणाऱ्या पाटलांचीच आता पाळी होती. नातीने आज्याचं धोतर घट्ट धरलं होतं. पाटील पुटपुटला, "देवीला पुन्हा एकदा इचारून बघू."

तायव्वाने कौलाची फुलं उचलली आणि चिखलात भिरकावली.

"देवीला कशाला? मला इचारा! तुमची नात मला नगं. माझी निंगीबी मी देनार न्हाई. आमची होनव्वा गिळली, नाव पुसलं, वर मान मिरवला. लई झालं. पोरी न्हाई मिळायच्या, दगडं आना!"

आणि पहिला दगड तिनेच त्या खड्ड्यात टाकला. तिच्यामागून बाया उठल्या, मग गडी, आणि शेवटी पाटलानेही मुकाट्याने दगड उचलला. बांध दगडांनी भरला, जास्तीचं पाणी जायला बाजूने सांडवा काढला. मूल पुरायला सगळे तयार होते, सांडवा काढायचं कुणाला सुचलं नव्हतं! त्यानंतर तळं कितीदा तुडुंब भरलं, पण बांध पुन्हा फुटला नाही म्हणतात.

धोंडाप्पाच्या वंशातली माणसं त्या तळ्याचं पाणी तरीही पीत नाहीत. राग गिळून टाकायचा नसतो असं त्यांना वाटतं, आणि मलाही त्यात काही चूक दिसत नाही.

आजही हिवरतळ्यात हेळवी आला आणि त्याने सवयीने बाप-आज्यांपासून सुरुवात केली, तर बाया त्याला दारातच अडवतात. आधी लेकी सांग, म्हणतात, जगलेल्याही आणि गेलेल्याही. त्याशिवाय सुपातला जोंधळा त्याच्या झोळीत पडत नाही. परगावची एखादी नवी सून कधी विचारते, लेकी आधी का? तेव्हा म्हाताऱ्या सांगतात, "एकदा एकीचं नाव इसरलो, तर दुसरी मागायला आले व्हते."