कावळा नसलेल्या रानात

"इथे कावळे येतात का?"

म्हाताऱ्या भिक्षूने मान वर केली नाही. पुढ्यात लाल भोपळा होता, हातात सुरी. साल निघत होती तशीच निघत राहिली.

"कावळे," तिने पुन्हा सांगितलं. "काळे. एवढे." आणि दोन्ही हातांनी माप दाखवलं.

"नाही."

"कधीच नाही?"

"मी नऊ वर्षांचा असताना जपानहून बोटीने ह्या देशात आलो. आता ब्याऐंशीचा आहे. शेवटचा कावळा पाहिला तो तिकडच्या बंदरावर." भोपळ्याची फोड परातीत पडली. "ह्या अख्ख्या खंडात कावळा नाही, पोरी. आणि हे तुला माहीत आहे."

रेवतीने माप दाखवणारे हात खाली घेतले.

माहीत होतंच तिला. रेवती इंगवले, कराडजवळच्या एका गावातल्या गिरणीवाल्या अण्णांची एकुलती एक लेक. ब्राझीलला, साओ पावलोत, जंगलातल्या मातीचा अभ्यास करायला आलेली. हुशार किती, तर प्राध्यापकांची चूक भर वर्गात दाखवायची आणि वर गोड हसायची. दक्षिण अमेरिकेत कावळा नसतो ही गोष्ट तिने एका नव्हे, तीन पुस्तकांतून पक्की करून घेतली होती.

तरीही शनिवारी सकाळी वर्गातली मंडळी समुद्रावर निघाली तेव्हा ही मधेच घाटात बसमधून उतरली. दोन तास पावसाळी अरण्यातला चिखल तुडवला आणि ह्या एवढ्याशा मठात येऊन थडकली. इथल्या सेन्सेईंच्या, म्हणजे गुरुजींच्या, अंगणात नाही नाही ते पक्षी उतरतात असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. तेवढ्यावर आली बिचारी.

"मग मला का विचारलंस?" सेन्सेई म्हणाले.

"वाटलं... एखादा चुकून आला असेल."

"चुकून," असं म्हणून त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

बोलणं पोर्तुगीजमधून चाललं होतं. तिचं पुस्तकी, त्यांचं पिकलेलं.

"कावळ्याशी काय काम?"

रेवतीने पाठ ताठ केली. वर्गात बोलताना करायची तशी.

"आमच्याकडे एक समजूत आहे. माझा विश्वास नाही, आधीच सांगते. माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीवर त्याच्या नावाने भाताचा गोळा ठेवतात. कावळ्याने चोच लावली तर माणूस समाधानाने गेला. नाही लावली तर..."

"तर?"

"तर त्याची काहीतरी इच्छा राहिली. मग नातेवाईक हात जोडून एकेक वचन देतात. तुझं अमुक आम्ही करू, तमुक करू. खरी इच्छा सापडली की कावळा शिवतो. अशी समजूत आहे."

"तुझं कोण गेलं?"

"वडील. पाच आठवडे झाले."

"त्यांच्या भाताला शिवला?"

"...नाही."

सुरी थांबली.

अण्णा गिरणीतच गेले, बसल्या जागी. रेवती दोन वर्षांची असताना तिची आई वारली होती. तेव्हापासून पोरीच्या वेण्या घालण्यापासून गणितं सोडवण्यापर्यंत सगळं अण्णांनीच केलं, पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी. त्यांच्या अंत्यविधीला पोचणं तिला शक्य नव्हतं. दहाव्याला शक्य होतं. परीक्षा आहे म्हणून तिने कळवलं. परीक्षा पुढच्या महिन्यात होती.

तेव्हा दहाव्याचं सगळं चुलतभावाने केलं, कृष्णेच्या घाटावर. कावळा समोरच्या लिंबावर बसलेला, पण खाली उतरायचं नाव नाही. गिरण चालू ठेवू म्हणून झालं, थोरल्या आत्याला अंतर देणार नाही म्हणून झालं. म्हैससुद्धा विकणार नाही म्हणून झालं. दोन तास गेले, उन्हाने माणसं हैराण झाली. मग तात्यांनी, म्हणजे तिच्या चुलत्यांनी, फोन लावला.

"रेवे, हितं कावळा शिवंना झालाय. नुसता बसून बघतोय. दादाचा जीव तुझ्यातच अडकलाय, बाळ. काय आसंल ते बोल आता. मी फोन झाडाकडं धरतोय."

आणि खरंच धरला. होस्टेलच्या जिन्यात बसलेल्या रेवतीला घाटावरचा वारा ऐकू येत होता, पाण्याचा आवाज ऐकू येत होता. घाटावरची सगळी माणसं तिच्यासाठी श्वास रोखून उभी होती.

तिने फोन बंद केला. नंतर रेंज गेली म्हणून सांगितलं.

शेवटी दर्भाचा कावळा केला, तो भाताला लावला आणि माणसं घरी गेली.

"काय हवं होतं तुझ्या वडिलांना?" सेन्सेईंनी विचारलं.

"माहीत नाही."

उत्तर फार लवकर आलं. सेन्सेईंनी ते ऐकलं आणि सुरी पुसून ठेवली.

"भात करता येतो?"

"येतो."

"मग उद्या सकाळी कर. रानाच्या कडेला मोठा दगड आहे, त्यावर ठेव."

"पण तुम्हीच म्हणालात ना, कावळा नाही!"

"नाहीच."

ती काहीतरी बोलणार होती. पण सेन्सेई परात उचलून स्वयंपाकघराकडे चालू लागले होते.

रविवारी सकाळी तिने भात केला, बिनमिठाचा. त्यात काळे तीळ घातले. तीळ तिने शहरातूनच पुडीत बांधून आणले होते. विश्वास नसलेल्या माणसाची ही तयारी.

केळीच्या पानावर गोळा ठेवून ती दगडापुढे उभी राहिली. रानात धुकं भरलं होतं. पाऊस थांबला होता, पण वरच्या पानांतलं पाणी खालच्या पानांवर ठिबकत होतं. अशा रानात पाऊस थांबला हे खाली फार उशिरा कळतं.

"अण्णा," ती मराठीत म्हणाली. पाच आठवड्यांत ही हाक तिने मोठ्याने मारली नव्हती.

"अण्णा, गिरण तात्या बघतील... मी वेळेवर जेवत जाईन. जागरणं करणार नाही... लग्नाचं तुम्ही म्हणत होता, त्याचाही विचार करते..."

एक निळा पक्षी आला, मान वाकडी करून बघून उडून गेला. मुंग्यांची रांग दगडाला वळसा घालून पुढे निघाली. एवढ्या मोठ्या जिवंत रानात त्या भाताची गरज कुणालाच नव्हती.

तासभर ती तशीच उभी राहिली. पाय भरून आले. आठवतील तेवढी वचनं देऊन झाली, काही तर दोनदा दिली.

मग काठी टेकत सेन्सेई आले. काळा झगा सावरून दगडावर बसले. भाताकडे पाहिलं, गोळा उचलला, मधोमध तोडला आणि अर्ध्याचा घास घेतला.

रेवती किंचाळलीच. "सेन्सेई! ते खायचं नसतं!"

ते चावत राहिले.

"अहो, ते गेलेल्या माणसाचं असतं! त्याला घरातलं कुणी नंतर हातसुद्धा लावत नाही!"

"आमच्याकडे गेलेल्यांपुढे ठेवलेलं घरच्यांनीच खायचं असतं." त्यांनी दुसरा घास घेतला. "मीठ नाही."

"घालत नाहीत."

"माझ्या आजीने घातलं होतं."

रेवतीला काही कळेना. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते आणि तोंडातला घास काही थांबला नव्हता.

"असाच गोळा होता. पांढरा भात, काळे तीळ. बोटीवर चढताना तिने माझ्या हातात दिला. बंदर दिसेनासं व्हायच्या आत मी तो खाऊन टाकला. भूक लागली होती."

"आणि आजी?"

"राहिली ना... बंदरावर."

"पुन्हा गेलात कधी?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"तिची काय इच्छा होती?"

"तुझ्या वडिलांची होती तीच."

"अण्णांची इच्छा काय होती ते तुम्हाला काय ठाऊक?" रेवती उसळून म्हणाली. "त्यांना फक्त एवढंच हवं होतं की मी..."

वाक्य तिथेच तुटलं.

सेन्सेईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. बोटाला चिकटलेली शितं ते एकेक करून खात होते.

रेवती खाली, ओल्या मातीवरच बसली. सगळ्या वर्गाला गप्प करणारी पोर लहान मुलासारखी हुंदके देऊन रडली. मग बोलली.

"मी परत यावं... एवढंच हवं होतं त्यांना. दुसरं काही नाही. तात्यांनी फोन धरला तेव्हा मला ठाऊक होतं, सेन्सेई. एक शब्द पुरे होता. येते. येते अण्णा, एवढं म्हटलं असतं तर कावळा उतरला असता."

"मग?"

"खोटं झालं असतं."

तिने बोटांनी ओली माती उकरली.

"मला नाही जायचं परत. मला इथलं काम आवडतं, ही माती आवडते. त्या गावात माझा जीव घुसमटतो. मी त्यांना हे कधीच सांगितलं नाही. दर वेळी विचारायचे, कधी येतेस. मी म्हणायची, बघू. चार वर्षं नुसतं बघू, बघू... आणि ते वाट बघत बसले गिरणीच्या दारात." तिने हातांच्या पाठीने डोळे पुसले. "ते जिवंत होते तोवर मी खोटं बोलले. गेल्यावर तेवढं एक खोटं तोंडातून निघालं नाही. काय म्हणायचं ह्याला?"

उरलेला अर्धा गोळा सेन्सेईंनी पानासकट उचलला आणि तिच्या ओंजळीत ठेवला.

तिने हात मागे घेतले नाहीत. भात केव्हाच गार झाला होता.

"ते तिथेच अडकलेत का?" तिने विचारलं. "माझ्यामुळे? ...विश्वास नाही माझा, पण डोळे मिटले की तो कावळा दिसतो. वर बसलेला. सेन्सेई, मी परत जाणार नाही. कधीच नाही. मग त्यांची ही इच्छा संपवू तरी कशी?"

धुक्यात पानांवरचं पाणी ठिबकत राहिलं. सेन्सेईंनी काठीचा आधार घेतला, उठले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"संपवू नकोस," ते म्हणाले. "त्यांचं तेवढंच उरलंय."