दोन बोटे मागे

नदीकाठच्या एका गावात तालीम होती. त्या तालमीत एक म्हातारे वस्ताद मल्लखांब शिकवीत. शाळा त्यांनी दोनच वर्षे पाहिली होती, पण माणूस खांबावर चढला की त्याच्या अंगातले काय कच्चे आणि काय पक्के, हे त्यांना लगेच कळे. बोलणे मोजके. शाबासकी त्याहून मोजकी.

भुजंग हा त्यांचा सर्वांत तयार शिष्य. नावाप्रमाणेच तो खांबाला वेटोळे घाली. सलग तीन वर्षे तो राज्यात पहिला आला. चौथ्या वर्षी मात्र घात झाला. वरची सगळी कामे निर्दोष झाली आणि शेवटची उलटी उडी मारून उतरताना डावा पाय मुडपला. हजार माणसांसमोर भुजंग मॅटवर बुडावर आपटला. निवड समितीने निरोप धाडला, पुढच्या वर्षी एक संधी देऊ. पुन्हा पाय चुकला तर संघातून नाव कमी करू.

ती स्पर्धा आता पंधरा दिवसांवर आली होती. भाकरीचा घास भुजंगच्या तोंडात फिरे, खाली उतरत नसे. बारा वर्षांची मेहनत एका टाचेवर उभी आहे, हा एकच विचार डोक्यात घुमत राही.

पहिल्या दिवशी तो तालमीत आला तेव्हा वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली लाल माती पाटीने आणून खांबापुढे पसरत होते. फळीने त्यांनी ती सपाट केली. मग आपले बाकडे उचलले, भिंतीशी नेले आणि खांबाकडे पाठ करून बसले.

भुजंग गोंधळला. "वस्ताद, तुम्हाला दिसणार कसं?"

"तू कर."

त्याने केले. खांबाच्या टोकावरच्या गोल बोंडावर एका पायावर उभे राहून घेतलेली गिरकी त्याने चार महिने घोटली होती. ती आज साधली. मग उलटी उडी. धप्प. वस्ताद सावकाश उठले, मातीतल्या पावलांपाशी उकिडवे बसले आणि दोन्ही टाचांमधले अंतर बोटांनी मोजले.

"डावी टाच दोन बोटं मागं."

"आणि गिरकी?"

वस्तादांनी फळी फिरवली, पावले पुसली आणि ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. "पुन्हा."

हा क्रम रोजचा झाला. भुजंग चढे, उतरे. वस्ताद येत, मोजत, पुसत, जात. कधी दोन बोटे, कधी अडीच. बाकी अवाक्षर नाही. खांबावर असताना भुजंगला वस्तादांची पांढरी बंडी आणि वाकलेला कणा तेवढा दिसे.

सहाव्या दिवशी गुलाबशेठ एरंडेल तेलाचा डबा घेऊन आले. तालमीला तेल तेच पुरवत. दारातच त्यांचे पाय थबकले.

"काय रे भुजंगा, वस्ताद भिंतीशी बोलतात की काय?"

"बोलत नाहीत. बसतात."

"हं." शेठनी डबा खाली ठेवला आणि आवाज उतरवला, तरी तो सगळ्या तालमीला ऐकू गेला. "रागावू नको, पण दुकानात नको असलेलं गिऱ्हाईक आलं की मीही असाच पाठमोरा बसतो. आपोआप निघून जातं."

वस्ताद न वळता म्हणाले, "शेठ, गेल्या डब्यातलं तेल चिकट होतं. तुमच्या जिभेचं तेवढं गुळगुळीत."

शेठ हसत निघून गेले. भुजंगला हसू आले नाही. शेठचे बोलणे त्याच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले. वस्तादांनी आपल्यावर पाणी सोडले आहे. तोंडावर सांगणे जड जाते म्हणून पाठ फिरवली आहे. दुसरे काय असणार?

आता तो खांबावर असताना त्या पाठीकडेच बघू लागला. हलली का? मान तिरकी झाली का? नवव्या दिवशी तर त्याने युक्तीच केली. वर चढून खांबाला पायांची अढी घातली आणि तो स्तब्ध राहिला. हालचाल नाही, श्वासाचा आवाज नाही. तालमीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. म्हातारा वळेल, निदान काळजीने तरी.

"थांबलास का?" वस्ताद भिंतीला म्हणाले. "हाताला घाम फुटला असंल. उतर, पूस, पुन्हा चढ."

दहाव्या दिवशी डावी टाच तीन बोटे मागे पडली. वस्तादांनी "तीन" म्हटले आणि फळी फिरवली.

अकराव्या दिवशी भुजंग रागात आला. कुणाशी बोलला नाही, कुठे पाहिले नाही. चढला, सगळे आपटल्यासारखे करून उतरला आणि पावले मोजली जाण्याआधी घरी निघून गेला.

बाराव्या दिवशी तो तेल चोळायला बसलाच नाही. दारात उभा राहिला.

"वस्ताद, माझं नाव तुमच्या मनातून गेलं असेल तर सांगून टाका. समिती तीन दिवसांनी सांगणार आहे, तुम्ही आज सांगा. पण ही पाठ आता मला बघवत नाही."

वस्ताद वळले. अकरा दिवसांत प्रथमच त्यांनी शिष्याच्या तोंडाकडे पाहिले. हातानेच खूण करून त्याला बाकड्यावर बसवले.

"गेल्या वर्षी मांडवात मी कुठं बसलो होतो?"

"डाव्या हाताला. पहिल्या रांगेत."

"तुला खांबावरनं दिसलो?"

"दिसलात की. दर वेळी."

"दर वेळी," वस्ताद म्हणाले. "अढी घातलीस, मान डावीकडं. गिरकी घेतलीस, मान डावीकडं. वस्तादाला आवडलं का? मान फिरली की खांदा जातो. खांदा गेला की कंबर. आणि सगळ्यात शेवटी टाच मागं राहते. लोकांनी तुझा पाय बघितला. मी घरी येऊन वर्षभर विचार केला. दोष तुझ्या पायात नव्हता. दोष पहिल्या रांगेत बसला होता. म्हणून मी त्याला उचलून भिंतीकडं तोंड करून बसवला."

भुजंग म्हणाला, "मग तेव्हाच सांगायचं होतंत. मी मान आवरली असती."

"आवरली असतीस आणि सगळं काम मानेचाच विचार करत केलं असतंस. विचारानं मान सुटत नाही. बघणारा गेला की सुटते. पण तू माझ्या पाठीलाही तोंड समजलास. चोरून बघत होतास. दहाव्या दिवशी तीन बोटं झाली, तेव्हा मातीनं मला सांगितलं. काल रागात होतास, कुणाकडंच बघितलं नाहीस. किती पडली ठाऊक आहे?"

"नाही."

"एक बोट. निघून गेलास, म्हणून तुला कळलं नाही." वस्ताद उठले आणि फळी त्याच्या हातात दिली. "मातीला तुझं कौतुक नाही, रागही नाही. पाय पडला तेवढं सांगते. आणि ती मी रोज पुसतो. कालचं पाऊल चांगलं असो नाहीतर वाकडं, त्याच्यावर आज उभं राहता येत नाही. जा, चढ."

भुजंग चढला. उतरल्यावर तो स्वतः उकिडवा बसला, स्वतः मोजले, स्वतः पुसले. उरलेले दिवस तेवढेच केले. भाकरीचा घास खाली उतरू लागला.

स्पर्धेच्या दिवशी मांडव भरला होता. पंचांनी नाव पुकारले. भुजंगने तळवे पुसले. तो चढला, अढी घातली आणि त्या क्षणी त्याची मान डावीकडे ओढली गेली. दोरी बांधल्यासारखी ओढ होती ती. तिकडे वस्ताद असतील. बघत असतील की पाठ करून बसले असतील? बघावे का? एकदाच? त्याने श्वास सोडला. मग हातांना काम दिले, पायांना काम दिले. हाताखालच्या लाकडाशिवाय मांडवात दुसरे काही उरले नाही. बोंडावर तो उभा राहिला, गिरकी घेतली आणि उलटी उडी टाकली.

दोन्ही पाय मॅटवर आले. तो उभा होता.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅटवर पाऊल उमटत नाही, तरी भुजंग खाली वाकला आणि जिथे आपली टाच होती तिथे त्याने बोट टेकवले. मागून गुलाबशेठ घसा फोडून ओरडत होते, "अरे फळ्याकडं बघ! आकडे लागले! दुसरा आलास, दुसरा! नाव राहिलं तुझं!"

भुजंगला ते ऐकू आले. आनंदही झाला. पण तो आधी पहिल्या रांगेकडे गेला. वस्ताद डाव्या हाताच्या आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. तोंड खांबाकडे होते, डोळे ओले होते. सगळा वेळ ते बघत होते, आणि भुजंगला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

त्याने त्यांच्या पायांवर हात ठेवला. "डावी टाच. अर्धं बोट मागं."

"मलाही तसंच वाटलं," वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भुजंग सर्वांआधी तालमीत पोहोचला. माती आणून पसरली, फळी फिरवली. रात्री कुणीतरी झाडलोट करताना वस्तादांचे बाकडे पुन्हा खांबासमोर आणून ठेवले होते. त्याने ते उचलले, भिंतीशी नेले आणि भिंतीकडे तोंड येईल असे लावले.

वस्ताद आले. बाकड्याकडे पाहिले, भुजंगकडे पाहिले. मग पाठ करून बसले.