पाऊण तासाची जागा

घाटाखालच्या एका गावात एकदा एक वृद्ध गृहस्थ राहत होते. तरुणपणी त्यांनी रस्ते आखले, पुढे आखणी शिकवली. एके सकाळी त्यांची जुनी विद्यार्थिनी नीरजा नकाशा घेऊन त्यांच्याकडे आली. विजेच्या गाड्यांसाठी महामार्गावर सात चार्जिंग स्टेशनं उभारायची होती. दर तीस किलोमीटरला एक, विजेच्या लाइनीलगत, अशा जागा तिने निश्चितही केल्या होत्या. आता हवी होती ती फक्त सरांची शाबासकी.

सरांनी नकाशा बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "गाडी चार्ज व्हायला किती वेळ लागतो?"

"साधारण पाऊण तास, सर."

"मग मला या चौथ्या जागी घेऊन चल."

चौथी जागा उघड्या माळावर होती. तिथे पोहोचताच सर म्हणाले, "गाडी बंद कर. आता पाऊण तास इथेच बसायचं." आणि डोळे मिटून स्वस्थ बसले.

नीरजाला नवल वाटलं. दहा मिनिटांत गाडी तापली. बाटलीतलं पाणी संपलं. तिला आडोशाला जायचं होतं, पण आडोसा म्हणून एक झुडूपही नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "सर, निघू या का? तुम्हाला त्रास होईल."

"अजून बारा मिनिटं आहेत," डोळे न उघडता सर म्हणाले.

वेळ भरल्यावर त्यांनी गाडी घाटाच्या पायथ्याशी न्यायला सांगितली. तिथे चिंचेची जुनी झाडं होती, विहीर होती आणि गुरांसाठी बांधलेला लांबट दगडी हौद होता. चहाच्या टपरीवर चार ड्रायव्हर गप्पा मारत बसले होते. सर हौदाच्या काठावरून हात फिरवत राहिले.

"पूर्वी इथे बैलगाड्या सोडत," ते म्हणाले. "चढणीआधी बैल पाणी पीत, गाडीवान भाकरी खात. घुंगरांचा आवाज पार गावात यायचा. मी नोकरीला लागलो तेव्हा हा हौद फुटला होता. मी अंतर मोजलं आणि नवा हौद त्या माळावर बांधला. तिथे सावली नाही, म्हणून कुणी थांबेना. गाड्या तहानलेल्याच घाटात शिरू लागल्या. त्या चैत्रात बाळू जंगम नावाच्या गाडीवानाचा बैल अर्ध्या चढावर कोसळला. त्याची मान मांडीवर घेऊन बाळू बसला होता. माझं अंतर अचूक होतं, नीरजा. थांबणाऱ्याचा विचार मात्र माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मग हा हौद आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा बांधला."

नीरजा हळूच म्हणाली, "पण सर, इथवर लाइन नाही. दोन किलोमीटर ओढावी लागेल. साहेब विचारतील."

"विचारू देत. त्यांनाही माळावर बसवून आण."

ती हसली. नकाशा गाडीतच ठेवून ती टपरीकडे गेली. "दादा, या रस्त्याने जाताना तुम्ही कुठे कुठे थांबता?"

ड्रायव्हरांनी सरकून तिला बाकावर जागा दिली. एकाने घाट सांगितला, दुसऱ्याने नदीकाठ, तिसऱ्याने देवळाजवळचं वळण, बायको सोबत असली की तिला तिथे निर्धास्त वाटतं म्हणून. सर चिंचेखाली बसून ऐकत होते. बोलता बोलता तास कधी उलटला, हे नीरजाला कळलंच नाही.