एका परातीचा वसा

ऐका प्रभूबापा, तुमच्या एका परातीची कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका, जांभया मागून द्या.

आटपाट गाव होतं. गावाला ओढा होता, ओढ्याकाठी ख्रिस्ती मंडळीचं देऊळ होतं. तिथल्या पाळकाची बायको दीनाबाई. मंडळीचा एक वसा होता. हंगामाच्या उपकारस्तुतीला घराघरानं मूठभर पीठ आणावं, असेल ते. सगळं एका परातीत पडावं, दीनाबाईनं मळावं, त्याच्या भाकरी सगळ्यांनी मोडून खाव्यात. ज्वारी कुणाची, गहू कुणाचा, देवालाच ठाऊक.

एके वर्षी बागाईतदारीण रेबेकाबाई आली. म्हणाली, आमचे मामंजी म्हातारे, जाडंभरडं चावत नाही, आमचे गहू तेवढे वेगळे मळा. दीनाबाईला वाटलं, एवढ्यानं काय होतं? वेगळे मळले. मग रेबेकाबाईच्या घरून देवळावर नवी कौलं आली. दुसऱ्या वर्षी देवळात पुढे बसणाऱ्या सगळ्यांनाच पोळी हवी झाली. एवढ्यानं काय होतं? दुसरी परात आली. तिसऱ्या वर्षी कुणी म्हणालं, ओढ्यापलीकडच्यांच्या पिठात खडे लागतात. एवढ्यानं काय होतं? त्यांच्यासाठी दाराबाहेर दुरडी ठेवली. पाप काय वाजतगाजत येतं होय?

मग सुगंधाबाई आली. ही ओढ्यापलीकडची सुईण. दीनाबाईचं लेकरू आडवं आलं होतं, तेव्हा मायलेकरं हिच्या हातून वाचली. मुठीत बाजरीचं पीठ घेऊन आली. दीनाबाईनं सवयीनं दुरडीकडे बोट केलं. सुगंधाबाई म्हणाली, "पाळकीणबाई, तुमचं लेकरू झेललं, तेव्हा हा हात आतला होता का बाहेरचा?" मूठ तशीच मिटून माघारी गेली. मग पलीकडचं कुणीच येईना.

दीनाबाई प्रार्थनेला डोळे मिटी, तो तीच मूठ दिसे. नवऱ्यापाशी ती धाय मोकलून रडली. म्हणाली, देऊळ बाहेरच्या कुणी नाही बुडवलं, आपणच बुडवलं, मी माझ्या हातानं. पाळक म्हणाला, बाई, कौलं जातील. ती म्हणाली, जाऊ देत.

मग ती ओढा ओलांडून गेली. सुगंधाबाईच्या दारात पदर पसरला. म्हणाली, "मावशी, चुकले. तुमच्या मुठीवाचून परात भरत नाही." मावशीनं प्यायला पाणी दिलं. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

उपकारस्तुतीचा दिवस आला. दीनाबाईनं दुरडी चुलीत घातली, एकच परात मांडली. रेबेकाबाई फणकारून उठली, पण तिचे मामंजी काही उठेनात. म्हणाले, सूनबाई, मला कधी विचारलंस का? मी आपली भाकर दुधात कुस्करून खातो. मंडळी हसली, रेबेकाबाई मुकाट खाली बसली.

घराघराचं पीठ पडलं, पण दीनाबाई मळेना. दाराकडे डोळे लावून बसली. पाळकानं घाई केली, पुढच्यांनी केली, पोरांनी केली. ती हलेना.

मग ओढ्यातून बाया येताना दिसल्या, पुढे सुगंधाबाई. ती आत आली, परातीत मूठ सोडली, शेजारी बसली आणि मळायलाच लागली. म्हणाली, "पाणी घाल गं. नुसती रडत काय बसलीस?" दीनाबाईनं पाणी घातलं. प्रभू, तुझे उपकार, उपकार, उपकार, एवढंच तिला बोलता आलं.

जशी दीनाबाईला तिची माणसं परत लाभली, तशी तुम्हांआम्हां लाभोत. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. दुरडीभर कहाणी मूठभरात सांगितली, प्रभूच्या कृपेनं सुफळ संपूर्ण.