शुभारंभाचा प्रयोग, दुसऱ्यांदा!

"उद्या हेच नाटक परत करा. पण शुभारंभाचाच प्रयोग पाहिजे! दुसरा प्रयोग म्हणजे शिळी भाकरी, ती आम्ही खात नाही!" सोनखांबचे गजेंद्रराजे गरजले. "नाही जमलं, तर कपड्यांचे पेटारे जप्त!"

बळवंतबुवांची नाटक मंडळी गार पडली. शुभारंभ तर आत्ताच झाला होता! नारळ फुटला, नांदी सुरू झाली, आणि ती संपायच्या आत महाराज जे घोरायला लागले, ते शेवटचा पडदा पडताना जागे झाले. पण राजाला 'तुम्ही झोपलात' म्हणणार कोण? बुवा राक्षसाचं काम करायचे खरे, पण त्यांचं सगळं शौर्य मिशीत, आणि मिशी पेटाऱ्यात!

मंडळीचे कपडे शिवणारी सगुणा मात्र धुसफुसत होती. त्या पेटाऱ्यांत तिची सात वर्षांची शिलाई होती. ती म्हणाली, "बुवा, उद्या नवा नारळ आणा. बोलायचं माझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवशी भरल्या दरबारात सगुणाच्या हातात नारळ बघताच दिवाण खेकसले, "अगं ए, शुभारंभ कालच झाला की!"

"पाहिलात का, दिवाणजी?"

"म्हणजे काय! सगळ्यांनी पाहिला!"

"मग सांगा, दुसऱ्या अंकात कोण मेलं?"

दिवाणांनी चोरून महाराजांकडे पाहिलं. सोनखांबची रीतच होती, महाराज हसले की हसायचं आणि महाराजांनी डोळे मिटले की आपणही मिटायचे. मेलेल्याचं नाव सांगावं, तर आपले डोळे उघडे होते हे कबूल!

"मी... माझेही डोळे मिटलेलेच होते!"

"आमचेही! आमचेही!" सरदार, कारकून, राजपुरोहित, सगळे शपथा घ्यायला लागले.

"आम्ही झोपलो नव्हतो हं," महाराज गुरगुरले. "डोळे मिटून ऐकत होतो."

"ऐकत असाल की, सरकार! तालीमसुद्धा शेजारीपाजारी भिंतीआडून ऐकतातच. लोकांनी पहिल्यांदा पाहिलं, की तो शुभारंभ. काल तर दरबारात एकही डोळा उघडा नव्हता. काल झाली ती तालीम. शुभारंभ आज!"

महाराज खदाखदा हसले. मग, खात्री करून घेऊन, दरबारही हसला. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं. "आणखी काय पाहिजे, बोल!"

"आज सरकारांच्या शेजारची जागा," सगुणा म्हणाली. "सुई घेऊनच बसते!"

त्या दिवशी पाचही अंक अख्खा दरबार टक्क जागा होता.